पंच क्रमांक दोन

त्या फिल्ममध्ये मी फार सुरेख दिसते.

हिरवी साडी, पदर नीट पिन केलेला, हातात पर्स, नजर समोर. एवढी ताठ तर मी माझ्या लग्नातही उभी राहिले नव्हते. माझ्या शेजारी कृषी सहायक खैरमोडे, तेही इस्त्रीच्या कपड्यांत. समोरून सोपान लेंभे चालत येतो, मागे दोन पोलीस. तो कडब्याच्या गंजीपाशी थांबतो, वाकतो, पेंढ्यांत खांद्यापर्यंत हात घालतो आणि रक्ताचे डाग पडलेला कोयता बाहेर काढून फौजदारांच्या हातात देतो. मी गंभीरपणे मान हलवते. फिल्म संपते.

"पुन्हा लावू?" सरकारी वकील नाईकनवरे यांनी विचारलं.

"नको. पाठ झालीय."

"तेच तर हवंय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे चहाचा कप सरकवला.

गुरुवार होता. सोमवारी सत्र न्यायालयात माझी साक्ष होती. मी वैजयंता ढोबळे, वय बावन्न, कासारखेडच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गावं मला 'ढोरांच्या मॅडम' म्हणतात. ढोरांच्या मॅडमचा माणसांच्या खुनाशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. पण खुनाच्या तपासात पोलिसांना दोन पंच लागतात. गावातले पंच कोर्टात उलटतात, म्हणून सरकारी नोकरच धरायचे अशी आमच्याकडे रीत पडलीय. ठाण्यातून तालुक्याला चिठ्ठी जाते आणि ज्याच्यावर त्या दिवशी साहेबांची खप्पामर्जी असेल त्याचं नाव लागतं. पंचानं करायचं एवढंच, की पोलिसांनी जे केलं ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि कागदावर सही करायची. खैरमोडे पंच क्रमांक एक, मी पंच क्रमांक दोन.

दोन वर्षांपूर्वी, अकरा एप्रिलची गोष्ट. पाण्याच्या पाळीवरून सोपानच्या चुलतभावाचा, भरतचा, बांधावर खून झाला होता. पाहणारं कुणी नव्हतं. सोपानला उचललं, आम्हा दोघांना जीपमध्ये घातलं आणि त्याच्या वस्तीवर नेलं. तिथं कोयता सापडला. आता कोयता तर लेंभ्यांचाच होता. तो गंजीत कुणी लपवला, एवढाच प्रश्न. सोपाननं स्वतःच्या हातानं काढून दिला असेल, तर लपवणाराही तोच. खटल्यात दुसरा दम नव्हता. नाईकनवऱ्यांनीच मला तसं सांगितलं होतं, "मॅडम, सगळा डोलारा तुमच्या एका वाक्यावर उभा आहे."

पंचनामा हल्ली कुणी हातानं लिहीत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गेली सात वर्षं ते काम 'लेखनिक' करतो. फौजदाराच्या छातीवर काडेपेटीएवढं यंत्र लावलेलं असतं. ते आजूबाजूचं बघतं, ऐकतं आणि ठाण्यात परत येईपर्यंत शुद्ध सरकारी मराठीत नऊ पानं तयार असतात. चित्रण तीन महिन्यांनी पुसून टाकतात, कारण साठवायला जागा पुरत नाही. राहतो तो मजकूर. आणि त्या मजकुरावरून साक्षीदारांची उजळणी घ्यायला पुन्हा फिल्म तयार करतात, तिला म्हणतात पुनर्दर्शन. म्हणजे मी जी पाहत होते, ती त्या दिवशी काढलेली फिल्म नव्हती. ती कागद वाचून काढलेली होती.

"साडी चुकलीय," मी म्हणाले. "मी पंजाबी ड्रेसवर अ‍ॅप्रन घालते. आणि मागे ते खिलारी बैल कुठून आले? त्या वस्तीला खिलारी जोडी परवडायची नाही."

"ती सजावट आहे हो. मजकुरात नसलेलं ते अंदाजानं भरतं. बैलांवर कुणी प्रश्न विचारणार नाही. मुद्द्याचं बघा."

मुद्द्याचं मी तीनदा बघितलं होतं. खरं सांगायचं तर, चौथ्यांदा बघायची गरजच नव्हती. डोळे मिटले की सोपान वाकताना दिसायचा.

शुक्रवारी दवाखान्यात सोपानची बायको आली. कांता तिचं नाव. चार किलोमीटर म्हैस चालवत आणली होती, गाभण आहे का बघायला. मला पाहून ती कचरली नाही की रडली नाही. म्हैस तपासणीच्या खोड्यात घातली आणि दावं धरून उभी राहिली. मी तपासलं. गाभण होती, चार महिने.

"कासेला हात लावून बघा," ती म्हणाली. "मागला डावा सड मेलाच. तीनच सडांवर हाय आता. तुमी त्या दिशी म्हणला हुता, ह्याला लगेच औषिद सोड, नाय तर जाईल. पण त्या दिशी औषिद कोण आणणार."

"कुठल्या दिवशी?"

"ह्यांना घेऊन आला हुता तवा. पोलीस हिकडं-तिकडं हुडकत हुते, आन तुमी हिच्या खाली बसला हुता की."

मी म्हशीच्या कासेवर हात ठेवला होता. तो तसाच राहिला. मागचा डावा भाग सुकून गेलेला, आत गाठ. आणि माझ्या बोटांना एकदम आठवलं. डोक्याला नाही, बोटांना. ती कास त्या दिवशी तापलेली होती, दगडासारखी टणक. मी पिळून बघितलं तर दुधाऐवजी पिवळं पाणी आलं होतं. मी उकिडवी बसले होते, पाठ गंजीकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "सापडला." मी हात पुसत उठले तेव्हा कोयता हवालदाराच्या हातात होता. गंजीतून तो कुणी काढला, ते मी पाहिलंच नव्हतं.

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला. "तुझी सही आहे ना? मग तू पाहिलंयस," म्हणाले, आणि पेपर वर गेला.

सही कशी झाली तेही सांगते. दुपारचे अडीच वाजले होते, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. लेखनिकानं नऊ पानं खणखणीत आवाजात वाचून दाखवली. खैरमोडे फोनवर कुणाशी तरी बियाण्याच्या पिशव्यांवरून भांडत होते आणि मी पंख्याखाली डोळे मिटून बसले होते. "बरोबर आहे ना, मॅडम?" हवालदारानं विचारलं. "असेल की," म्हटलं आणि सहीच्या जागी यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवला. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, आयुष्यात किती कागद वाचून सही केलीस म्हणून. खरा आकडा सांगितला तर लाज वाटेल.

माझी लेक मृण्मयी पुण्यात अशीच यंत्रं तपासण्याचं काम करते. तिला रात्रीच्या जेवणाआधी फोन लावला.

"ते खोटं का लिहील?" मी म्हटलं. "त्याचं सोपानशी काय वाकडं आहे?"

"काहीच नाही. आई, त्याच्याकडे खरं आणि खोटं असे दोन कप्पेच नाहीत. पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, एवढंच ते बघतं. त्या वेळी फौजदाराची छाती कुठल्या बाजूला होती?"

"विहिरीकडे, बहुतेक. पाणी मागत होते ते."

"मग यंत्राला विहीर दिसली. आवाजात वारा. 'सापडला' एवढं ऐकू आलं, आणि मग कोयता हातात. मधलं दिसलंच नाही. ते भरायला त्याच्याकडे काय आहे? त्यानं वाचलेले पाच-सहा लाख पंचनामे. त्यांत हत्यार सापडलं की आधी काय असतं?"

मला पाठ होतं. "आरोपीने स्वखुशीने पुढे होऊन काढून दिले."

"प्रत्येक पंचनाम्यात तेच. खरंच एवढे आरोपी स्वखुशीने हत्यारं काढून देत होते का, ते तूच ठरव. ठाण्यात बसून माणसांनी जे लिहून ठेवलं, ते यंत्र शिकलं. आता ते आपल्याला तेच परत वाढतंय."

"मग दिसलं नाही असं का लिहीत नाही मेलं?"

ती हसली. "तू मला दहावीला काय सांगायचीस? एकही प्रश्न सोडू नकोस, काहीतरी लिहून ये. कोऱ्या उत्तराला शून्य, चुकीच्यालाही शून्य. मग लिहिलेलं बरं. या यंत्रांच्या परीक्षा कित्येक वर्षं तशाच घेतल्या. 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला मार्क नाहीत, ठोकून देणाऱ्याला निदान नशिबानं मिळतात. ठोकून द्यायला शिकली ती. तसं सुधारता येतं, आम्ही सुधारतोही. पण तुमच्या खात्यांनाच कोरी जागा चालत नाही. अर्धवट पंचनामा कोर्ट परत पाठवतं, म्हणून प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे असं त्यांनी मागून घेतलंय."

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "मृणू, मला दोन्ही आठवतंय. म्हैसही आणि सोपान वाकतानाही."

"फिल्म किती वेळा पाहिलीस?"

"तीनदा."

"मग आठवणारच. माणसाचं डोकंही गाळलेल्या जागा भरतंच की. फिल्मनं एक भरली असेल. दुसरी त्या बाईनं भरली नसेल कशावरून?"

हे माझ्या मनात आलं नव्हतं. आणि एकदा आलं ते जाईना. कांता भोळी नव्हती. कोर्टाच्या तीन दिवस आधी म्हैस आणली, सड दाखवला, आपण होऊन विषय काढला. सड मेला हे खरं, पण सड काय कशानंही मरतो.

शनिवारी मी खैरमोड्यांना गाठलं. त्यांची साक्ष गेल्याच महिन्यात झाली होती.

"मला स्वच्छ आठवतंय, ढोबळे मॅडम," ते म्हणाले. "वाकला, हात घातला, काढला. डाव्या हातानं काढला. सोपान डावखुरा आहे, हे मी कोर्टात सांगितलं तर जजमॅडमनी मुद्दाम लिहून घेतलं."

"तुम्ही तेव्हा फोनवर होता."

"फोनवर होतो म्हणून काय डोळे फुटले होते?"

ते रागावले नव्हते. चेहऱ्यावर जरासुद्धा चलबिचल नव्हती, आणि तेच भयंकर होतं. खैरमोडे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात सोपान डाव्या हातानं कोयता काढत होता आणि मरेपर्यंत काढत राहणार होता. माझ्याही डोक्यात काढत होता, पण मागे बैल होते. खरी म्हैस की खरे बैल, हे मला कुठंतरी कागदावर बघायचं होतं.

म्हणून रविवारी मी माझी दैनंदिनी उघडली. आम्हा फिरतीच्या लोकांना रोजची डायरी लिहावी लागते, आज कुठं गेलो, किती जनावरं तपासली. ती रोज कुणी लिहीत नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बसायचं आणि तीस दिवसांची एका बैठकीत रचायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लेखनिक आल्यापासून तेवढीही तसदी उरली नाही. 'एप्रिलची भर' म्हटलं की तो भरतो, आपण अंगठा टेकवायचा. तरी वाटलं, कासदाहाची म्हैस तपासली असं मी त्याला ओझरतं सांगितलं असेल.

अकरा एप्रिल. 'मौजे वाकी येथे सकाळी दहा ते दुपारी दोन लाळ्या-खुरकूत लसीकरण शिबिर घेतले. गायवर्ग एकसष्ट, म्हैसवर्ग त्रेचाळीस. पशुपालकांना मार्गदर्शन केले.' खाली माझा अंगठा.

वाकी कासारखेडपासून सत्तावीस किलोमीटर. मी त्या महिन्यात वाकीला गेलेच नव्हते. एकशे चार जनावरांना मी न टोचलेली लस तालुक्याच्या आकड्यांत दोन वर्षं बसलेली होती, आणि पुढच्या साली वाकीत लाळ आली तेव्हा लसच निकामी म्हणून सगळ्यांनी बोटं मोडली होती. मीही मोडली होती.

मी संगणक बंद केला. म्हशीचा पुरावा शोधायला गेले आणि स्वतःचीच चोरी हाती लागली. हसावं की रडावं कळेना. पण भाजी चिरता चिरता लक्षात आलं, की हाच तर पुरावा आहे. एकाच दिवशी, एकाच लेखनिकानं, एकाच बाईला दोन गावांत उभं केलं होतं आणि दोन्ही ठिकाणी तिनं अंगठा दिला होता. हा कागद कोर्टात दाखवला तर पंचनाम्याचं पितळ उघडं पडणार. आणि माझी नोकरी जाणार. न केलेल्या लसीकरणाची खोटी नोंद म्हणजे निलंबन, चौकशी, कदाचित गुन्हा. न दाखवला तर सोपान जन्मठेपेला. इकडे आड, तिकडे विहीर. बरं, त्यानं खून केलाच नव्हता, असं तरी मला कुठं माहीत होतं? तेवढं कळलं असतं तर दोन्हींपैकी एक सोपं झालं असतं.

सोमवारी कोर्टात पंखे मंद फिरत होते. सोपान पिंजऱ्यात उभा होता, दोन वर्षांत बारीक झालेला. कांता मागच्या बाकावर. जजमॅडमच्या बाजूला भिंतीवर मोठा पडदा होता, कारण साक्षसुद्धा आता लेखनिकच उतरवतो. मी शपथ घेतली तशी ती पडद्यावर उमटली.

नाईकनवऱ्यांनी गावापासून, जीपपासून सुरुवात केली. मग म्हणाले, "आरोपीनं गंजीतून कोयता काढून दिला, ते तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

त्यांना वाटलं मी प्रश्न ऐकला नाही. पुन्हा विचारला.

"मी पाहिलं नाही. मी म्हशीची कास तपासत होते. माझी पाठ होती."

मागे कुजबुज झाली. नाईकनवऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जजमॅडमची परवानगी घेऊन त्यांनी मला फितूर जाहीर केलं आणि आवाज बदलला. गुरुवारी मला चहा देणारा माणूस तो हाच, यावर विश्वास बसेना.

"पंचनाम्यावर अंगठा तुमचा?"

"हो."

"मजकूर तुम्हाला वाचून दाखवला होता?"

"हो. मी ऐकला नाही."

"शुक्रवारी आरोपीची बायको तुम्हाला भेटली?"

"म्हैस दाखवायला आली होती."

"म्हैस दाखवायला," ते सावकाश म्हणाले. "मॅडम, पंचनामा तुम्ही लिहिला नाही, फौजदारांनीही नाही. यंत्रानं लिहिला. यंत्राला आरोपीशी वैर नाही, पोलिसांची भीती नाही, म्हशी तपासायच्या नाहीत. त्यानं न घडलेलं लिहिलं, याला तुमच्याकडे तुमच्या शब्दापलीकडे काय आधार आहे?"

आत्ता गप्प बसले असते तर मी घरी जाऊ शकले असते. फितूर पंच म्हणून साहेबांनी दोन शब्द सुनावले असते, आणि सहा वर्षांनी नारळ-शाल घेऊन निवृत्त झाले असते. मी सोपानकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दयेनं बोलले असं मलाच वाटलं असतं.

"माझी दैनंदिनी मागवा," मी म्हणाले. "अकरा एप्रिलची. त्यात मी सकाळी दहा ते दुपारी दोन वाकीला लस टोचत होते. तीही याच लेखनिकानं लिहिलीय. मी वाकीला गेले नव्हते. इथं होते, सोपानच्या वस्तीवर."

जजमॅडमनी डायरी तिथंच पडद्यावर मागवली. एकसष्ट गाई आणि त्रेचाळीस म्हशी सगळ्या कोर्टानं वाचल्या. बचावाचे वकील इतक्या घाईनं काहीतरी टिपून घेत होते की त्यांचं पेन खाली पडलं.

नाईकनवरे मात्र कच्चे नव्हते. "म्हणजे डायरी खोटी."

"हो."

"आणि तिच्यावर अंगठा दिलात."

"हो."

"पंचनामा खोटा म्हणता, त्यावरही अंगठा दिलात. म्हणजे समोर येईल त्यावर तुम्ही अंगठा देता. मग आज तुम्ही सांगताय ते खरं, हे आम्ही कशावरून मानायचं?"

मी तोंड उघडलं. सांगायचं ते तयार होतं. मला आठवतंय, बोटांना आठवतंय, ती कास तापलेली होती. पण त्याच वेळी सोपानही वाकत होता, डोळ्यांसमोर, स्वच्छ. खैरमोडेही याच जागी उभे राहून असेच ठामपणे बोलले होते. मी तोंड मिटलं. किती वेळ गेला कोण जाणे. जजमॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी नाईकनवरेच म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत," आणि खाली बसले.

जेवणाच्या सुट्टीनंतर साक्षीची छापील प्रत सहीला आली. या वेळी मी खुर्ची मागून घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. कारकुनानं दोनदा घड्याळ पाहिलं. बसू दे म्हटलं बोंबलत. अकरा पानं होती. माझ्या म्हशीचं 'दुभते जनावर' झालं होतं, ते चाललं असतं. बाकी सगळं बरोबर होतं. मी शेवटच्या पानावर आले.

'प्रश्न: आज तुम्ही सांगता ते खरे कशावरून? उत्तर: मला तो प्रसंग स्पष्ट आठवतो. मी शपथेवर खरे सांगत आहे.'

मी पुन्हा वाचलं. आवाज खाली करून बचावाच्या वकिलांना बोलावलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे मी बोलले नाही. मी गप्प होते."

त्यांनी वाचलं, इकडे-तिकडे पाहिलं. "साक्षीदार शेवटी असंच बोलतात, म्हणून त्यानं लिहिलंय," ते हळूच म्हणाले. "राहू द्या ना, मॅडम. तुमच्या फायद्याचं आहे. सोपानच्याही. तुम्ही गप्प बसलात हे रेकॉर्डवर गेलं, तर तुमच्या सगळ्या साक्षीची माती होईल. खरं तर तुम्ही खरंच बोलताय ना? मग लिहिलेलं चुकीचं कुठं आहे?"

ते काही खोटं सांगत नव्हते. मी खरंच बोलत होते, बहुतेक. मागच्या बाकावरून कांता आमच्याकडे टक लावून बघत होती. अंगठा टेकवायला एक क्षण पुरला असता. त्या माणसाला जन्मठेपेतून सोडवणारी ओळ होती ती, आणि मला त्यासाठी काहीच करावं लागणार नव्हतं. त्या दिवशी पंख्याखाली बसून केलं होतं, तेवढंच.

मला भीती वाटली. थोरपणा वगैरे काही नाही, सरळ भीती. पुन्हा एकदा कागदावर एक बाई ताठ उभी होती आणि मला जे माहीत नाही ते ठणकावून सांगत होती. हिनं मला वाकीला नेलं होतं, गंजीसमोर उभं केलं होतं. आता ही माझ्या वतीनं शपथही घेणार होती.

मी उठले. "मॅडम, या प्रश्नाला मी उत्तर दिलेलं नाही. तिथं कोरं ठेवा."

जजमॅडमनी कारकुनाला खूण केली. त्यानं पडद्यावर ती ओळ पुसली. क्षणभर जागा रिकामी राहिली आणि लगेच भरली. 'मी खरे तेच सांगितले आहे.' त्यानं पुन्हा पुसली. 'मला आणखी काही सांगायचे नाही.'

"उत्तराचा रकाना सक्तीचा आहे, मॅडम," कारकून ओशाळून म्हणाला. "रिकामा घेत नाही."

जजमॅडमनी प्रत हातात घेतली. पेन दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. बचावाच्या वकिलांनी आपलं दिलं, पण चेहरा असा केला की दात उपटून देतायत. जजमॅडमनी उत्तरावर काट मारली, बाजूला स्वतःच्या हातानं लिहिलं, 'साक्षीदार निरुत्तर', आणि सही केली. त्याखाली मी माझी केली. अंगठा नाही, सही. नाईकनवरे खिडकीबाहेर बघत होते. त्यांचं काम झालं होतं.

जिन्यात कांता मला आडवी आली. मला वाटलं शिव्या देईल. तिनं दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"एवढं खरं बोलायची गरज नव्हती, मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती दमली होती. "वकील म्हनले, हातात आलं हुतं ते गेलं."

मग दोन वर्षं जे कुणी तिला धडपणे विचारलं नसेल ते मी विचारलं. "कांता, तू तर तिथं होतीस. कोयता कुणी काढला?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली. पदराच्या टोकानं तिनं कपाळ पुसलं.

"म्या म्हशीचं तोंड धरलं हुतं. दुखतं म्हणून ती लाथा झाडत हुती. तुमाला लागंल म्हणून माझं ध्यान तुमच्याकडंच. वकील सांगत्यात, पोलिसानं पिशवीतनं आणून गंजीत घातला, असं म्हण. तू डोळ्यानं बघितलं म्हण. पुढल्या तारखेला माझी साक्ष हाय."

खालून कुणीतरी फायली घेऊन वर आलं, आम्हाला वळसा घालून गेलं. कांतानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मी काय सांगू, मॅडम?"

ती उत्तराची वाट बघत बसून राहिली, आणि मी कठडा धरून तिच्यासमोर उभी होते.